चौघांचा करार आणि कटकची छावणी



आमचा भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात एखाद्या रात्री तलाव तुडुंब भरतो, पाळ पाझरू लागते आणि गावात हाकाटी होते. पाळीखाली ज्यांची भातशेते आहेत असे चार शेतकरी फावडी व घमेली घेऊन धावतात आणि चार ठिकाणी उभे राहतात. आता समजा, तिघांनी रात्रभर चिखल तुडवीत माती टाकली, आणि चौथा मात्र कोणी हाती चार पैसे ठेवले म्हणून घरी जाऊन निजला. पाणी कोठून फुटेल हे सांगावयास पंडित नको. ते चौथ्याच्या जागेवरून फुटते, आणि एकदा फुटले म्हणजे चौघांच्याही शेतांत शिरते. जो निजला त्याचेच भात आधी वाहून जाते.

संकटकाळी शेजारी राज्यांनी एकमेकांच्या संरक्षणासाठी कसे वागावे, त्यासाठी मुत्सद्देगिरी कशी लागते आणि ती कोठे अपुरी पडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सेवानिवृत्त शाळामास्तर. परराष्ट्रकारणातील मोठमोठ्या व्याख्या मला येत नाहीत, आणि आल्या असत्या तरी त्यांनी श्रोत्यांचे समाधान झाले असते असे वाटत नाही. म्हणून आपल्याच मुलखात घडलेले एक प्रकरण मी सांगणार आहे.

ते सांगावेसे का वाटले, हे प्रथम निवेदन करतो. जवाहरनगर ही वसाहत आयुध कारखान्याच्या आसऱ्याने वाढली. माझ्या वर्गातील कितीतरी मुलांचे वडील तेथे कामास जात. २४ जानेवारी २०२५ रोजी त्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. तेव्हा दारूगोळ्याची किंमत आमच्या गावी केवळ रुपयांत मोजली जात नाही. पुढे त्याच वर्षीच्या मे महिन्यात सरहद्दीवर तोफा धडधडू लागल्या, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. त्याने विचारले, "गुरुजी, आम्ही जीव धोक्यात घालून इतका दारूगोळा तयार करतो. मग ह्या वाटाघाटी, हे तह, हे दौरे कशासाठी?" प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. आज जे सांगणार आहे ते त्याचेच उत्तर समजावे.

इ. स. १७७३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले; परंतु कारभारी मंडळींनी त्यांस मान्यता दिली नाही. पुढील वर्षी पुरंदरावर नारायणरावांस मरणोत्तर पुत्र झाला, तो सवाई माधवराव. त्याच्या नावाने बारभाईंनी राज्य चालविले. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह करून त्यांनी साष्टी व वसई देऊ केली. घरातले भांडण अशा रीतीने परक्याच्या हाती गेले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी मुंबईच्या फौजेस कोंडून शरण आणले. परंतु तेथे झालेला करार इंग्रजांनी मानला नाही. बंगालहून कर्नल गॉडार्ड याची फौज हिंदुस्थान ओलांडून सुरतेस येऊन दाखल झाली. एक लढाई जिंकून हे प्रकरण मिटणारे नाही, हे नाना फडणिसांच्या ध्यानात आले.

इंग्रजांचे खरे बळ कशात होते? त्यांची ठाणी तीन होती: मुंबई, मद्रास आणि कलकत्ता. एका ठाण्यावर संकट आले म्हणजे दुसऱ्या ठाण्याहून फौज व पैसा येई. बंगालचा वसूल हातात असल्यामुळे पैशाची ददात नव्हती. तेव्हा तिन्ही ठाण्यांवर एकाच वेळी ताण पडेल तरच एक दुसऱ्याच्या मदतीस धावणार नाही, असा सरळ हिशेब होता. ह्या हिशेबातून १७७९ व १७८० ह्या वर्षांत चौघांचा संघ जमला. पुणे दरबाराने गुजरात व कोकणाकडून मुंबईस दाबावे, म्हैसूरच्या हैदरअलीने मद्रासकडील कर्नाटकावर चाल करावी, हैदराबादच्या निजामअलीने पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकार प्रांतात शिरावे, आणि नागपूरच्या मुधोजी भोसल्यांनी कटकच्या वाटेने बंगालवर जावे, असे ठरले.

हे चौघे मित्र होते काय? मुळीच नाही. थोरल्या माधवराव पेशव्यांनी हैदरावर स्वाऱ्या करून त्यास जेर केले होते, त्यास दहा वर्षेही लोटली नव्हती. निजाम तर मराठ्यांचा पिढीजात प्रतिस्पर्धी. मग ते एकत्र का आले? प्रत्येकास इंग्रजांकडून स्वतंत्र जखम झाली होती. १७६९ च्या तहाने इंग्रजांनी हैदरास मदतीचे वचन दिले होते, पण मराठे त्याच्यावर चालून आले तेव्हा ते पाळले नाही; आणि मार्च १७७९ मध्ये त्याच्या रक्षणाखालील फ्रेंचांचे माहे बंदर घेतले. गुंटूर प्रांत निजामाचा भाऊ बसालतजंग याच्याकडे होता. मद्रासकरांनी निजामास वगळून भावाशी परस्पर करार केला. भोसल्यांचे तर मोठे येणे होते. १७५१ मध्ये बंगालचा नबाब अलीवर्दीखान याने कटक प्रांत सोडून, शिवाय दरसाल बारा लक्ष रुपये चौथाई देण्याचे कबूल केले होते. बंगालची दिवाणी इंग्रजांकडे गेल्यावर ही रक्कम थकली.

येथे मुत्सद्देगिरीचा पहिला पाठ मिळतो. जुने वैर विसरावयास लावणे हे मुत्सद्द्याचे काम नव्हे. ते विसरले जात नाही. सध्याचे भय जुन्या वैराहून मोठे आहे हे पटवून देणे, आणि त्यासाठी पदरचे काही सोडणे, हे त्याचे काम. पुण्याने हैदराशी करार केला तेव्हा कृष्णेपर्यंतचा जो मुलूख त्याने दाबला होता तो त्याच्याकडे राहू देण्याचे मान्य केले आणि त्याची खंडणीही कमी केली. पुण्याच्या दृष्टीने हा कडू घोट होता. पण किंमत न देता मित्र मिळत नाही.

आणि हे सर्व कोणत्या साधनांनी? त्या काळी तार नव्हती, दूरध्वनी नव्हता. प्रत्येक दरबारात दुसऱ्या दरबाराचा वकील राही. श्रीरंगपट्टणास कृष्णराव नारायण जोशी हे पुण्याचे वकील होते, तर कलकत्त्यास हेस्टिंग्जपाशी नागपूरचे बेनीराम पंडित. वकिलाने दरबारातील बोलणी, फौजांची हालचाल, मालकाची मर्जी, सावकाराची कुरकुर, हे सर्व लिहून पाठवावयाचे. जासूद ती पत्रे घेऊन धावत. एका पत्राचे उत्तर येईपर्यंत आठवडे जात, आणि तेवढ्यात परिस्थिती पालटून जाई. म्हणून चौघांची कामगिरी आधीच नेमून देणे अगत्याचे होते. ऐन वेळी विचारावयास सवड नसे.

आता करार अमलात कसा आला ते पाहू. हैदरअलीने आपला शब्द पाळला. जुलै १७८० मध्ये तो प्रचंड सैन्यासह कर्नाटकात उतरला, आणि १० सप्टेंबर रोजी पोल्लिलूर येथे त्याने कर्नल बेली याची तुकडी जवळजवळ नाहीशी केली. जवळच असलेला सेनापती मन्रो आपल्या तोफा तळ्यात टाकून मद्रासेकडे माघारा फिरला. मद्रास शहरात घबराट उडाली. पश्चिमेस पुणे दरबारही लढत होता. अहमदाबाद गेले, डिसेंबर १७८० मध्ये वसई गेली, रामचंद्र गणेश कानडे यांच्यासारखा सेनानी धारातीर्थी पडला. तरी एप्रिल १७८१ मध्ये गॉडार्ड बोरघाटापाशी आला तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांनी त्याची रसद तोडून त्यास नुकसान सोसून परत फिरावयास लावले. दोन भिंती अशा उभ्या राहिल्या. उरलेल्या दोन भिंतींचे काय झाले?

हेस्टिंग्ज हा माणूस धूर्त खरा. चौघांशी एकदम लढण्यापेक्षा चौघांची मने एकेक करून उघडावी, हे त्याने ओळखले. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असते. निजामास गुंटूरचे दुःख होते, तर त्याने गुंटूर परत देवविले. निजाम स्वस्थ बसला. नागपूरकरांस थकलेल्या चौथाईचे दुःख होते, तर त्याने पैसा पुढे केला.

नागपूरचे वर्तन आपल्या घरचे म्हणून त्यावर पांघरूण घालणे मला बरे वाटत नाही. १७७९ च्या ऑक्टोबरात मुधोजींचे पुत्र चिमणाजी तीस हजार स्वारांनिशी निघाले आणि कटकास पोचले ते पुढील वर्षीच्या मे महिन्यात. ही दिरंगाई मुद्दाम केलेली होती. फौज निघाली असे पुण्यास दिसावे आणि ती पोचली नाही असे कलकत्त्यास दिसावे! इतकेच नव्हे, तर संघाचा सर्व बेत मुधोजींनी हेस्टिंग्जला गुप्तपणे कळविला. कटकास छावणी पडून राहिली. खर्चास पैसा नाही म्हणून प्रथम इंग्रजांकडून तीन लक्ष रुपये आले; १७८१ मध्ये आणखी तेरा लक्षांवर बोलणे पक्के झाले. त्याच वर्षी कर्नल पिअर्स याची बंगाली पलटणे मिदनापूरहून निघून, भोसल्यांच्याच ओरिसातून, समुद्रकाठाने मद्रासेकडे गेली आणि हैदराविरुद्ध लढणाऱ्या आयर कूटला मिळाली. ज्या वाटेने भोसल्यांनी बंगालवर जावयाचे, त्याच वाटेने बंगालची फौज भोसल्यांच्या मित्रावर गेली.

हिशेब मांडून पाहा. चौथाई वर्षास बारा लक्ष होती. म्हणजे सोळा लक्षांत मिळाले ते सोळा महिन्यांचे येणे. तेवढ्यासाठी एक भिंत विकली गेली.

तथापि न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वर्गात दोन मुले भांडली म्हणजे मी दोघांसही बोलू देत असे. नागपूरकरांच्या मनात पुण्याविषयी विश्वास का नव्हता? १७६९ मध्ये खुद्द पेशव्यांची फौज नागपूरच्या मुलखात शिरली होती, नागपूर लुटले गेले होते, आणि कनकापूरच्या तहाने जानोजी भोसल्यांस नमते घ्यावे लागले होते. १७७२ मध्ये जानोजी वारल्यावर मुधोजी व साबाजी ह्या भावांत वारशाचा तंटा लागला, त्यातही पुण्याच्या पक्षांनी हात घातला. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत भावाच्या हातून भाऊ मारला गेला. 'आज इंग्रज बुडाला तर उद्या पुणेकर आपणांस बुडवील', हे भय मुधोजींस वाटत असल्यास त्यांस अगदीच वेडे म्हणता येत नाही. त्यांचे कारभारी देवाजीपंत चोरघडे हे साडेतीन शहाण्यांपैकी एक गणले जात. म्हणजे अक्कल कमी नव्हती. कमी होता तो विश्वास, आणि तो संकटाच्या दिवशी बाजारात विकत मिळत नाही.

राहता राहिले महादजी शिंदे. १७८० च्या ऑगस्टात इंग्रजांनी त्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. युद्ध त्यांच्या घरात आले. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी त्यांनी इंग्रजांशी स्वतंत्र सलोखा केला, आणि हेस्टिंग्जने त्यांस दोन्ही पक्षांमधील मध्यस्थाचा मान दिला. पुढे १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे तह झाला. त्या तहात पुण्याचे पुष्कळ साधले. रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक बांधून त्याचा प्रश्न मिटला. वसई परत आली. साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. त्यानंतर वीस वर्षे इंग्रज व मराठे यांत युद्ध झाले नाही. हे यश लहान नव्हे.

परंतु त्याच तहात असे एक कलम होते की हैदराने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा. हैदर रणांगणावर होता. तहाच्या बैठकीत तो नव्हता. ज्याने चौघांत आपला शब्द पुरता पाळला, त्याच्या वतीने इतरांनी सही केली. हैदरअली ७ डिसेंबर १७८२ रोजी वारला. सालबाईच्या तहास पुण्याची मान्यता मिळाली ती २० डिसेंबरची. ह्या दोन तारखा मी वर्गात फळ्यावर एकाखाली एक लिहीत असे आणि मुलांस काही न सांगता स्वस्थ उभा राहत असे.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. १७९० मध्ये पुणे व निजाम हे हैदराच्या मुलावर, टिपूवर, इंग्रजांच्या बाजूने गेले. १७९९ मध्ये टिपू पडला. १७९८ मध्ये निजाम तैनाती फौजेच्या दाव्यास बांधला गेला. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून तीच वाट धरली. १८०३ मध्ये शिंदे व भोसले लढले, तेव्हा होळकर दूर राहिले. होळकर लढले तेव्हा शिंदे व भोसले थकून बसले होते. असई, अडगाव, गाविलगड अशी ठिकाणे एकामागून एक गेली आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडला. ज्या कटकास तीस हजार स्वार स्वस्थ बसवून सोळा लक्ष घेतले, ते कटकच गेले. १८१७ मध्ये सीताबर्डीवर शेवटची झुंज झाली, आणि १८५४ मध्ये आमच्या भंडाऱ्यासकट सारे नागपूर राज्य खालसा झाले. निजलेल्या शेतकऱ्याचे भात वाहून गेले.

ह्या प्रकरणातून संकटकालीन सहकार्याचे चार नियम निघतात. पहिला, प्रत्येकाचे काम आधी नेमून द्यावे. चौघांनी हे केले होते. दुसरा, ठरल्याप्रमाणे होत आहे की नाही हे पाहण्याची सोय असावी. कटकची छावणी का हलत नाही हे पाहणारा कोणी नव्हता. तिसरा, एकट्याने परस्पर तह करू नये, आणि केल्यास त्याची किंमत काय हे आधीच लिहिलेले असावे. चौथा, व सर्वांत महत्त्वाचा, घरातील जुनी देणी शांततेच्या दिवसांत फेडून टाकावी. पुण्याने नागपूरशी १७७० मध्ये सलोखा पक्का केला असता तर १७८० मध्ये हेस्टिंग्जच्या सोळा लक्षांस गिऱ्हाईक मिळाले नसते, असे माझे मत आहे.

आजचे जग ह्या नियमांस अपरिचित नाही. १९४९ मध्ये उत्तर अटलांटिक करार झाला, त्यात एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला समजावा असे कलमच घातले गेले. दक्षिण आशियातील राष्ट्रांनी १९८५ मध्ये ढाक्यास सार्क संघ स्थापिला. परंतु २०१४ च्या काठमांडूच्या बैठकीनंतर त्याची शिखर परिषद भरू शकली नाही, कारण घरची भांडणे मिटलेली नव्हती. उलट २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामीची लाट उठली तेव्हा भारत, अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया ह्या चौघांनी मदतकार्याची जुळणी केली. त्याच अनुभवातून २००७ मध्ये ह्या चौघांची बोलणी सुरू झाली. ती मध्ये थंडावली आणि २०१७ मध्ये पुन्हा उभी राहिली. एकत्र अन्न वाटलेल्या माणसांस एकत्र बसणे सोपे जाते, हे गावच्या पंगतीपासून महासागरापर्यंत सारखेच खरे आहे.

आणि बोलणी केवळ मित्राशीच करावयाची असतात असेही नव्हे. १० मे २०२५ रोजी भारत व पाकिस्तान यांच्या लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी दूरध्वनीवरून बोलून गोळीबार व कारवाई थांबविण्याचे ठरविले. ती तार आधीपासून जोडलेली होती म्हणून त्या दिवशी वापरता आली. पाळ फुटल्यावर फावडे शोधावयास जाणारा माणूस शहाणा नव्हे.

आता माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर. बाळ, तू तयार करतोस तो दारूगोळा खोटा नाही. हैदराच्या तोफा नसत्या तर मद्रासेत घबराट उडाली नसती, आणि बोरघाटात रसद तोडणारे घोडेस्वार नसते तर सालबाईस वसई परत मिळाली नसती. निःशस्त्राचा वकील कोणी बसवून घेत नाही. परंतु कटकासही तीस हजार स्वार होते, घोडी होती, तलवारी होत्या. नव्हता तो एकमेकांचा भरवसा, म्हणून ते सारे बळ उन्हात पडून राहिले. तुझ्या हातून तयार होणारी वस्तू शक्यतो वापरावीच लागू नये, आणि लागलीच तर ती एकाकी वापरावी लागू नये, ह्यासाठी त्या वाटाघाटी, ते तह आणि ते दौरे असतात. तुझ्या कष्टांची ती राखण आहे.

पावसाळा जवळ आला म्हणजे आमच्याकडे शहाणे शेतकरी उन्हाळ्यातच एकदा पाळीवरून एकत्र फिरून येतात. कोठे उंदराचे बीळ आहे, कोठे माती खचली आहे, ते पाहतात; आणि बांधावरून काही धुसफूस असेल तर तीही तेथेच, झाडाखाली बसून मिटवितात. राष्ट्रांनीही ह्याहून निराळे काही करावयाचे नाही.